एक, अकरा आणि ऐंशी : दांडीच्या स्मारकशिल्पांचा विचार

मराठी समीक्षेत शिल्पकलेचा विचार क्वचितच होतो, आणि स्मारकशिल्पाचा तर जवळजवळ होतच नाही. पुतळा उभा राहतो तेव्हा त्याच्या खर्चाची चर्चा होते, जागेविषयी वाद होतो, अनावरणाची भाषणे वृत्तपत्रांतून छापून येतात. परंतु ती एक कलाकृती आहे, तिला काही घाट आहे, तिने काही सांगितले आहे आणि काही सांगावयाचे टाळले आहे, या दृष्टीने तिच्याकडे पाहणारा लेख शोधूनही सापडणे कठीण. वाङ्मयाच्या अभ्यासकाने हा विषय परका मानण्याचे वस्तुतः कारण नाही. चरित्रकार आणि स्मारकशिल्पकार यांच्यापुढील अडचण एकच असते. एका थोर पुरुषाचे मोठेपण प्रकट करताना त्याच्याबरोबर जे चालले त्यांचे काय करावयाचे, ही ती अडचण होय. आपल्या चरित्रग्रंथांत आणि पाठ्यपुस्तकांत तिचा निकाल बहुधा तीन शब्दांत लावलेला असतो: ‘व त्यांचे सहकारी’. शिल्पकाराला इतक्या स्वस्तात सुटता येत नाही. त्याला एक तर ती माणसे घडवावी लागतात, किंवा ती नव्हतीच असे दाखवावे लागते.

हा प्रश्न आमच्या मनात स्पष्ट झाला तो दांडी येथील राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारक पाहताना. आम्ही राहतो ते चलथाण हे सुरत जिल्ह्यातील साखर कारखान्याचे गाव. ताप्तीकाठच्या लोहमार्गाने खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे या परिसरात स्थिरावली आहेत, आणि त्यांची मुले आमच्या वर्गांत बसतात. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना घेऊन एका हिवाळी सकाळी आम्ही निघालो. कडोदऱ्याच्या चौफुलीवरून पलसाणा, पुढे नवसारी, आणि नवसारीपासून समुद्राच्या रोखाने दांडी, असा हा रस्ता आहे. साखरेच्या गावाहून मिठाच्या गावी जाऊन संध्याकाळी परत यावे, एवढाच बेत होता. सहलीचा वृत्तांत लिहिण्याचा येथे हेतू नाही. तेथे जे पाहिले त्याची कलादृष्टीने चिकित्सा करावी आणि शिक्षक बंधुभगिनींपुढे ती विचारार्थ ठेवावी, इतकेच मनात आहे.

प्रथम वस्तुस्थिती थोडक्यात सांगितली पाहिजे. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीच्या आश्रमातून पायी निघाले आणि सुमारे २४० मैल चालून ५ एप्रिलला दांडीस पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मीठ उचलून कायदा मोडला. या यात्रेचे अखेरचे मुक्काम आमच्या अगदी शेजारचे. १ एप्रिलला सुरत, २ एप्रिलला दिंडोली व वांझ, ३ एप्रिलला धामण व नवसारी, आणि ४ एप्रिलला विजलपोर व कराडी. दिंडोली आज सुरत शहरात सामावले आहे आणि तेथे मराठी वस्ती मोठी आहे. आमच्या काही विद्यार्थ्यांचे मामा-मावश्या तेथे राहतात. परंतु त्या गावावरून ही यात्रा गेली हे त्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हते.

स्मारकाचे उद्घाटन ३० जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. सुमारे पंधरा एकरांच्या या उद्यानाच्या आराखड्याचे संयोजन पवईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेने केले. मध्यभागी चाळीस मीटर उंचीची, दोन हात वर जुळावेत तशी पोलादी चौकट असून तिच्या टोकाशी मिठाच्या स्फटिकाचे प्रतीक म्हणून काचेचा प्रचंड घन बसविला आहे. खाली गांधीजींचा सुमारे पाच मीटर उंचीचा पुतळा आहे. कृत्रिम सरोवर आहे, सूर्यशक्तीवर वीज निर्माण करणारी झाडाच्या आकाराची यंत्रे आहेत, यात्रेतील प्रसंग सांगणारी चोवीस भित्तिशिल्पे आहेत. आणि मोकळ्या आकाशाखाली, गांधीजींच्या मागे निघालेल्या ऐंशी पदयात्रींची माणसाच्या मापाची ब्राँझशिल्पे आहेत. देशातील व परदेशांतील अनेक शिल्पकारांचे हात या ऐंशी आकृतींना लागले आहेत. आमच्या विवेचनाचा मुख्य विषय ही ऐंशी शिल्पेच होत.

चालणे ही क्रिया शिल्पाच्या प्रकृतीला प्रतिकूल आहे. जर्मन विचारवंत लेसिंग याने १७६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘लाओकोऑन’ या ग्रंथात काव्य आणि दृश्य कला यांच्यातील सीमारेषा आखली आहे. काव्य काळात उलगडते, म्हणून त्याला क्रिया वर्णिता येते. शिल्प अवकाशात स्थिर असते, म्हणून त्याला एकच क्षण निवडावा लागतो, आणि तो असा की त्याच्या मागचे व पुढचे क्षण प्रेक्षकाच्या कल्पनेला आपोआप सुचावेत. चोवीस दिवसांची वाटचाल एका क्षणात कोंडावयाची म्हणजे मोठेच संकट. या संकटातून आपल्या कलावंतांनी निरनिराळे मार्ग काढले आहेत. त्यांतील दोन मार्ग दांडीच्या आधीचे आहेत, आणि त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय दांडीच्या प्रयत्नाचे मोल कळणार नाही.

पहिला मार्ग नंदलाल बसूंचा. त्यांनी १९३० मध्येच, सत्याग्रहाची धग ताजी असताना, ‘बापूजी’ हे लिनोच्या ठशाचे चित्र केले. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांनी काढलेली एकच आकृती: हातात काठी, पुढे पडलेले पाऊल, किंचित वाकलेली पाठ. मागे कोणी नाही, रस्ता नाही, समुद्र नाही. तरीही ही आकृती चालते आहे याविषयी संशय येत नाही, कारण काठीची रेषा आणि पायांच्या रेषा यांच्या परस्परसंबंधातच गती आहे. हे चित्र शिल्प नसले तरी पुढील कित्येक गांधीपुतळ्यांवर त्याची छाया पडलेली दिसते. नंदलालांनी सगळी यात्रा एका देहात आणली. त्यासाठी त्यांनी जे वगळले ते कलेच्या दृष्टीने योग्यच वगळले. पण वगळले हेही खरे.

दुसरा मार्ग देवीप्रसाद रायचौधुरींचा. दिल्लीत सरदार पटेल मार्गावर ‘ग्यारह मूर्ती’ या नावाने ओळखला जाणारा त्यांचा शिल्पसमूह आहे. गांधीजी पुढे आणि मागे दहा जण. पाचशे रुपयांच्या जुन्या नोटेच्या पाठीवर त्याचे चित्र असल्यामुळे ज्यांनी दिल्ली पाहिली नाही त्यांच्याही तो खिशात वावरला आहे. येथे गतीला नाट्याची जोड मिळाली. अंगे पुढे झुकलेली आहेत, स्नायू ताणलेले आहेत, मागचा पुढच्याला जणू रेटतो आहे. मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावरील ‘श्रमाचा विजय’ या रायचौधुरींच्या शिल्पातही हाच जोर आहे. परंतु हे दहा जण विशिष्ट व्यक्ती नव्हेत. निरनिराळ्या थरांतील, निरनिराळ्या वेषांतील भारतीय जनतेचे ते प्रतिनिधी आहेत. नंदलालांच्या चित्रात जनता अदृश्य होती. येथे ती दृश्य झाली, पण अनामिक राहिली. नाटकात ‘पहिला नागरिक’, ‘दुसरा नागरिक’ अशी पात्रे असतात, तशी ती आहेत.

तिसरा मार्ग दांडीचा. येथे एकाचे अकरा झाले, अकरांचे ऐंशी झाले, आणि केवळ संख्याच वाढली असे नाही तर तत्त्वही बदलले. हे ऐंशी जण कोणाचे प्रतिनिधी म्हणून उभे नाहीत. ते स्वतः तेच आहेत. ‘यंग इंडिया’च्या १२ मार्च १९३० च्या अंकात आरंभीच्या अठ्ठ्याहत्तर जणांची यादी प्रसिद्ध झाली होती, पुढे वाटेत आणखी भर पडली. शिल्पसमूहाचा पाया ही नामावली आहे. कलेच्या क्षेत्रात नामावलीला फारसा मान नाही. महाकाव्यातील वीरांच्या याद्या आपण वर्गात शिकविताना भराभर ओलांडतो. दांडीला मात्र यादी हेच रचनेचे सूत्र ठरले आहे, आणि त्यातून काय साधले व काय निसटले हे पाहिले पाहिजे.

मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथातील परिभाषा येथे उपयोगी पडते. संवाद, विरोध आणि समतोल हे लयीचे तीन नियम त्यांनी मांडले. ऐंशी जणांच्या रांगेत संवाद उघडच आहे. साधा खादीचा वेष, एकच दिशा, एकाच्या पावलामागे दुसऱ्याचे पाऊल. या संवादातच विरोध मिसळलेला आहे. सोळा वर्षांचा विठ्ठल ठक्कर आणि एकसष्टीचे गांधीजी एकाच रांगेत आहेत. कोणाचा चेहरा उत्सुक, कोणाचा थकलेला, कोणी शून्यात पाहणारा. सकाळचे ऊन तिरपे पडते तेव्हा प्रत्येकाची सावली शेजाऱ्याच्या सावलीत मिसळते आणि रांग खरोखरच सरकू लागल्याचा भास होतो. बंद दालनात हा परिणाम साधला नसता. उघड्यावरील शिल्पाला सूर्य हा दुसरा शिल्पकार मिळतो, हे रामकिंकर बैज यांचे शांतिनिकेतनातील ‘संथाळ कुटुंब’ (१९३८) पाहणाऱ्यांना निराळे सांगावयास नको. सासवण्याच्या करमरकर शिल्पालयाचे अंगण ज्यांनी पाहिले असेल त्यांनाही याचा प्रत्यय असेल.

तिसरा नियम समतोलाचा, आणि तेथे मात्र न्यून जाणवते. अनेक शिल्पकारांच्या शैली अनेक. काहींनी वस्त्राच्या घड्या इतक्या बारकाईने कोरल्या आहेत की माणूस मागे पडावा. काहींनी चेहऱ्यात जीव ओतला आणि पाय केवळ उरकले. चालणाऱ्यांच्या शिल्पात पाय उरकणे हा लहान दोष नव्हे. क्वचित एखादी आकृती छायाचित्रासाठी थांबल्यासारखी वाटते. एकाच कवीने लिहिलेले खंडकाव्य आणि अनेकांनी मिळून लिहिलेला गौरवग्रंथ यांत जो फरक असतो तो येथे आहे. तथापि गौरवग्रंथाचाही एक गुण असतो. सगळ्यांना एका साच्यात बसविण्याचा मोह त्यात आपोआप टळतो. ऐंशी जण एकाच हातातून उतरले असते तर ते एकाच माणसाच्या ऐंशी आवृत्त्या झाले असते, अशी भीती होती. ती येथे उरली नाही.

या ठिकाणी रोदँच्या ‘कॅलेचे नागरिक’ या प्रसिद्ध शिल्पाची आठवण होणे अपरिहार्य आहे. १३४७ साली इंग्लंडच्या राजाने वेढलेल्या कॅले नगराला वाचविण्यासाठी सहा नागरिक गळ्यात दोर अडकवून शत्रूच्या छावणीकडे निघाले. १८८४ मध्ये रोदँकडे हे काम आले. या सहा जणांना नगरभवनासमोरच्या फरसबंदीवर, एकामागे एक, जमिनीच्या पातळीवरच उभे करावे, म्हणजे आजचे नागरिक त्यांच्या अंगाला अंग घासून जातील, असे त्याच्या मनात होते. १८९५ मध्ये अनावरण झाले ते मात्र उंच चौथऱ्यावर. शिल्प खाली उतरले ते १९२४ मध्ये, रोदँच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. थोरांना उंचावर बसविण्याची हौस सर्व देशांत सारखीच असते. दांडीला ऐंशी जणांच्या बाबतीत ही हौस आवरली गेली, हे या स्मारकाचे सर्वांत मोठे यश होय असे आम्हांस वाटते. त्यांच्याकडे पाहण्यासाठी मान वर करावी लागत नाही. आमचे विद्यार्थी त्यांच्या बाजूने चालू लागले तेव्हा त्यांचा वेग नकळत मंदावला आणि पावले रांगेच्या पावलांशी जुळली. तशी सूचना त्यांना कोणी दिली नव्हती.

याउलट चाळीस मीटरच्या चौकटीखाली गेल्यावर सगळे थांबले आणि वर पाहू लागले. चौकटीच्या रचनेत भव्यता आहे, स्फटिकाची कल्पनाही समर्पक आहे. पण चालण्याचे स्मारक प्रेक्षकाला थांबवून आकाशाकडे पाहावयास लावते, यात विसंगती आहे. मीठ ही वस्तूच मुळी वाकून उचलण्याची. या स्मारकापूर्वी तीनच महिने, ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी, याच राज्यात नर्मदेकाठी सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्याचे अनावरण झाले. त्याचे शिल्पकार राम सुतार हे धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे, म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांच्या मुलुखातले, आणि त्यांच्या कौशल्याविषयी आम्हांस आदर आहे. उत्तुंग पुतळ्याचे शास्त्र निराळे. त्याने दुरून दिसावे, प्रदेशावर अंमल बसवावा, अशी त्याची प्रतिज्ञाच असते, आणि ती तेथे पुरी झाली आहे. दांडीच्या स्मारकाला मात्र दोन प्रतिज्ञा एकदम कराव्याशा वाटल्या: दुरूनही दिसावे आणि जवळचेही व्हावे. आमच्या मते दुसरी सफल झाली, आणि पहिलीची गरज नव्हती.

आता नावांचा प्रश्न. निघण्यापूर्वी आम्ही ‘यंग इंडिया’तील यादीची हस्तलिखित प्रत प्रत्येक विद्यार्थ्याला दिली होती. त्या यादीत गुजरातचे एकतीस आणि महाराष्ट्राचे तेरा जण आहेत. गुजरातखालोखाल संख्या महाराष्ट्राची, ही गोष्ट आपल्याकडील सुशिक्षितांतही फारशी परिचित नाही. मुलांनी साहजिकच यादीत ‘पाटील’ शोधला. तो सापडला नाही. ‘पटेल’ पुष्कळ सापडले. पंडित नारायण मोरेश्वर खरे, गजानन खरे, विनायकराव आपटे, गोविंद हरकरे, हरिभाऊ मोहनी, केशव चित्रे ही नावे त्यांनी मोठ्याने वाचली. गणपतराव गोडसे हे नाव आले तेव्हा वाचन थांबले. एकाने विचारले, “सर, हेच का ते?” हे ते नव्हेत, हे निराळे गृहस्थ, ते गांधीजींच्या मागून दांडीपर्यंत चालत आले, असे आम्ही सांगितले. ज्या स्मारकाचे उद्घाटन ३० जानेवारीला झाले त्याच्याच रांगेत हे आडनावही आहे, ही गोष्ट एखाद्या व्याख्यानापेक्षा अधिक शिकवून जाते. आडनावाला पाप चिकटत नाही, हे मुलांना त्या यादीने दाखविले.

यादीत काहींची केवळ पहिली नावे आहेत. द्वारकानाथ. पांडुरंग. पांडुरंगाचे आडनाव काय, गाव कोणते, हे यादीवरून कळत नाही. महाराष्ट्राचा, एवढेच कळते. अशा माणसाला शिल्पकाराने चेहरा द्यावयाचा आहे. पुरावा संपतो तेथे कल्पनेने पुढे व्हावे लागते, आणि कल्पनेने मर्यादा ओलांडली तर इतिहासाशी प्रतारणा होते. ऐतिहासिक कादंबरीकाराच्या अडचणीहून ही अडचण वेगळी नाही. आपल्या कादंबरीकारांनी ती सोडविली ती बहुधा नायकाच्या मुखी पल्लेदार भाषणे घालून. दांडीच्या शिल्पकारांना भाषणाची सोय नव्हती. एक कपाळ, दोन डोळे आणि चालण्याची एक ढब, एवढ्यावर त्यांना भागवावे लागले, आणि जेथे त्यांनी संयम राखला तेथे परिणाम अधिक खोल झाला आहे.

पंडित खऱ्यांच्या बाबतीत अडचण आणखी निराळी. ते पलुस्करांचे शिष्य, आश्रमाचे संगीतशिक्षक, ‘आश्रम भजनावली’चे संपादक. यात्रेतील प्रार्थनेचा सूर त्यांचा होता. १९३८ च्या फेब्रुवारीत, हरिपुरा काँग्रेसच्या वेळी, बारडोली तालुक्यातील हरिपुऱ्यासच त्यांचा अंत झाला. म्हणजे हा मराठी गायक आमच्याच जिल्ह्याच्या मातीत विसावला. ज्याचे सारे कर्तृत्व आवाजात होते त्याला ब्राँझमध्ये कसे आणावयाचे? लेसिंगने आखलेली सीमारेषा येथे पुन्हा आडवी येते. शिल्पाची ही मर्यादा आहे, आणि ती भरून काढण्याचे काम शब्दांचे, म्हणजे आपले आहे. योगायोग असा की त्याच हरिपुऱ्यास नंदलालांनी खेड्यातील माणसांच्या नजरेला पडावीत म्हणून उघड्यावर लावण्याची ऐंशीहून अधिक चित्रे रंगविली होती. त्यांत नांगरणारे, विणणारे, वाजविणारे लोक आहेत. ज्या नंदलालांनी १९३० मध्ये एकच आकृती काढली तेच १९३८ मध्ये अनेकांकडे वळले, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

येथे एक आक्षेप येईल. पांडुरंगाचे आडनाव अज्ञात आहे, खरे गायक होते, गोडसे या नावाला पुढे वेगळाच अर्थ आला, ही सारी माहिती शिल्पाबाहेरची आहे. तिने मन हलले तर ते श्रेय कलेचे नव्हे, असे मर्ढेकरांचा अनुयायी म्हणेल. आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. केवळ घाटाच्या कसोटीवर नंदलालांचे चित्र श्रेष्ठ आहे, रायचौधुरींचा समूह त्याखाली, आणि दांडीची रांग तिसरी, हे आम्ही मान्य करतो. परंतु स्मारक ही शुद्ध कला कधीच नसते. स्मरण हे तिच्या व्याख्येतच आहे, आणि स्मरण कोणाचे हा प्रश्न तिला बाहेरून चिकटत नाही. तो तिच्या आशयाचाच भाग असतो. ऐंशी निरनिराळे चेहरे घडविण्याचा निर्णय हा जितका इतिहासाचा तितकाच रचनेचा निर्णय आहे. नामावली काढून घेतली तर रांगेचा घाटही बदलेल. मग अकरा पुरे होतील.

भित्तिशिल्पांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ती प्रसंग सांगतात आणि सुबोध आहेत. पण ज्याला गोष्ट ठाऊक आहे त्यालाच ती पुरती कळतात. मुले त्यांच्यापुढून पाठ्यपुस्तकाची पाने उलटावीत तशी गेली. एक उणीव मात्र नोंदविली पाहिजे. आरंभीच्या तुकडीत एकही स्त्री नव्हती, म्हणून रांगेतही नाही. रांगेने सत्य राखले हे उचितच झाले. परंतु १३ एप्रिल १९३० रोजी दांडीसच स्त्रियांची परिषद भरली, आणि २१ मे रोजी धारासण्याच्या मिठागरावर सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही गेले. ज्या रांगेत स्त्रिया नव्हत्या तिच्या पुढच्या टप्प्यावर त्या आघाडीस होत्या, हे केवळ रांग पाहून परतणाऱ्याला कळणार नाही. तेथे शिक्षकाने बोलावयास हवे.

एकंदरीत दांडीचे हे शिल्पोद्यान समतोलात उणे, पण हेतूत मोठे आहे. नायकाच्या पाठीमागील गर्दीला त्याने माणसे केले. आपल्या वाङ्मयाने हा धडा घेण्यासारखा आहे. मिठाच्या सत्याग्रहाशी मराठी साहित्याचे नाते दूरचे नाही. मे १९३० मध्ये ज्या शिरोड्यास सत्याग्रह झाला तेथील शाळेत त्या वेळी वि. स. खांडेकर अध्यापन करीत होते. काका कालेलकरांसारखा साताऱ्यास जन्मलेला लेखक ‘सवाई गुजराती’ म्हणून गौरविला गेला, आणि त्यांचा मुलगा बाळ या रांगेत चालला. असे असता महाराष्ट्राच्या तेरा पदयात्रींची माहिती आपल्या शाळांपर्यंत पोचलेली नाही. पांडुरंगाचे आडनाव काय, विष्णुपंत कोणत्या गावचे, यात्रेनंतर त्यांनी काय केले, हे शोधण्याचे काम शिल्पकाराचे नाही. ते आपल्या संस्थांचे, जिल्ह्याजिल्ह्यांतील शिक्षकांचे आणि जुनी दप्तरे, पत्रे व कुटुंबांतील आठवणी वाचू शकणाऱ्या सभासदांचे आहे. परिषदेने या तेरा जणांची अल्पचरित्रे तयार करण्याचे काम हाती घ्यावे, अशी आमची विनंती आहे. सुरत, बारडोली व नवसारीकडील शोधाचा भार आमच्या शाळेतील शिक्षक उचलण्यास सिद्ध आहेत.